सर्व्हिसिंग करूनही क्लच स्लिप, अ‍ॅव्हरेज कमी, पावसात मिसिंग? आधी गाडी कुठली ते ठरवा

तक्रार साधारण अशी असते. सर्व्हिसिंग करून आणलेली बाइक आठवडाभर बरी चालते. मग रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की पायाला चटके बसायला लागतात. अ‍ॅव्हरेज पडलेलं. जूनचा पाऊस सुरू झाला की सकाळी किका मारून घाम फुटतो आणि सुरू झाली तरी वाटेत मिसिंग मारते, म्हणजे इंजिन झटके देत अडखळतं. मालक परत गॅरेजला जातो, मेकॅनिक क्लचची केबल ताणतो, कार्बोरेटर खोलून हवा मारतो, पैसे घेतो. पुढच्या सर्व्हिसिंगनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

भांडुपला स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसून हे रोज ऐकतो. यातल्या बऱ्याच गाड्यांचा एकही पार्ट गेलेला नसतो. इंजिनात दुसऱ्याच गाडीचं ऑइल पडलेलं असतं, नाहीतर टाकीत पाणी असतं. मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे, पण मालकालाच आपली गाडी नेमकी कुठली ते सांगता येत नसेल तर तो तरी काय करणार? ड्रममधून जे ऑइल सगळ्यांना, तेच याला.

"काका, पल्सरचं ऑइल द्या."

"कुठली पल्सर?"

"काळी."

हे खरंच होतं, आणि एकदाच नाही. पल्सर २००१ साली १५० आणि १८० अशा दोन इंजिनांत आली. २००३ला डीटीएस-आय आलं, म्हणजे एका सिलिंडरला दोन प्लग. पुढे २२० आली, १३५ आली, २०१२ला तीन प्लगवाली, कूलंटवाली एनएस २०० आली. आता १२५पासून पुढे इतके प्रकार आहेत की शोरूमवाल्यालाही कॅटलॉग बघावा लागतो. या सगळ्यांचं ऑइल एक नाही, किती घालायचं तेही एक नाही.

गाडी ओळखायची कशी

टाकीवरच्या नावावर विश्वास ठेवू नका. स्प्लेंडर १९९४पासून रस्त्यावर आहे, पण सुपर स्प्लेंडर म्हणजे १२५ सीसीचं वेगळं इंजिन. युनिकॉर्न म्हटलं की कोणाकडे जुनी १५० असते, कोणाकडे १६०. एफझी २००८ला आली तेव्हा १५३ सीसी, कार्बोरेटरवाली. २०१४ला तिचंच पुढचं रूप आलं ते १४९ सीसीचं आणि इंजेक्शनवालं. लोक दोन्हींना एफझीच म्हणतात आणि एकीचा फिल्टर दुसरीला मागतात. बुलेटवाल्यांचं तर विचारूच नका. जुनं कास्ट आयर्न इंजिन, २००९च्या आसपास आलेलं यूसीई आणि २०२०च्या मिटिऑरपासूनचं जे-सिरीज ही तीन वेगवेगळी इंजिनं, आणि तिन्हींचे मालक काउंटरवर येऊन एवढंच सांगतात, "साडेतीनशे आहे."

सेकंडहँड गाडीत तर स्टिकर हा पुरावाच धरू नका. टाकी बदललेली असते, साइड पॅनल दुसऱ्या मॉडेलचं असतं, आणि "१८०" असं लिहिलेल्या गाडीच्या पोटात १५० निघते.

खरं काय ते आरसीवर असतं. स्मार्ट कार्ड काढा किंवा डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहन अ‍ॅप उघडा. मॉडेलचं पूर्ण नाव, सीसी, बनवल्याचा महिना आणि वर्ष, बीएस (धुराबाबतचं सरकारी मानक) कितवं, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर एवढं टिपून घ्या. नंबर प्लेटवरून यातलं काहीच कळत नाही. एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली, म्हणजे पासिंग कुठल्या आरटीओत झालं एवढंच.

बनवल्याची तारीख आणि पासिंगची तारीख यांत गल्लत करू नका. मार्च २०१७चं उदाहरण अजून काउंटरवर भेटतं. १ एप्रिल २०१७पासून बीएस-३ गाड्या विकायला बंदी, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २९ मार्चला आला. शेवटच्या दोन दिवसांत कंपन्यांनी भरमसाट सूट दिली आणि शोरूमबाहेर झुंबड उडाली. त्या गर्दीत घेतलेल्या गाड्या मुंबईत अजून धावतायत. आरसीवर २०१७ आहे म्हणून मालक बीएस-४चे पार्ट मागतो, गाडी मात्र बीएस-३ असते.

कागद हाताशी नसेल तर गाडीकडे बघूनही बरंच कळतं. हेडलाइट बंद करायचं बटण कंपनीचंच असेल तर ती बहुधा एप्रिल २०१७च्या आधीची. बीएस-४पासून इंजिन सुरू असेपर्यंत दिवा चालूच राहतो. (बाहेरून बसवलेलं बटण असेल तर हा अंदाज फसतो, वायरिंग बघा.) टाकीखाली ऑन-रिझर्व्हचा कॉक आहे का? असेल तर कार्बोरेटर. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून विझतो? मग इंजेक्शन. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं आणि तेव्हापासून नव्या गाड्या जवळपास सगळ्या इंजेक्शनवाल्या आहेत. एबीएस किंवा कॉम्बी ब्रेक हीही एक खूण, एप्रिल २०१९पासून नव्या गाडीत दोहोंपैकी एक असायलाच हवं.

शेवटचा दाखला चेसिस नंबरचा. बहुतेक बाइकवर तो हँडलच्या मानेवर, उजव्या बाजूला ठोकलेला असतो. वर चिखल आणि ग्रीसचा थर असतो, तो रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि खडू फिरवा, अक्षरं पांढरी उठतात. एकूण सतरा अक्षरं-आकडे. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, तेव्हा ओसारखं दिसलं तर ते शून्य समजा. पहिल्या तिघांवरून कंपनी कळते: एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस, एमबीएल हिरो, एमई१ यामाहा, एमई३ रॉयल एनफिल्ड, एमई४ होंडा. पार्ट मागवताना आम्हाला हाच नंबर लागतो. फोटो काढून आणलात तर निम्मं काम झालं.

इंजिन नंबरही आरसीशी ताडून बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा भंगारातून आणलेलं इंजिन बसवलेल्या गाड्या निघतात. तसं असेल तर ऑइल चेसिसवरून ठरवून चालणार नाही, ते इंजिनावरून ठरवा. आणि नंबर आरसीवर चढलेला नसेल तर ऑइलचं नंतर बघू, आधी आरटीओचं काम करा. पोलिसाने गाडी अडवली तर तुमची बाजू लंगडी पडते.

ऑइल: दुखणं बहुतेक इथेच असतं

त्या काळ्या पल्सरवाल्या मुलाची तक्रार क्लच स्लिपची होती. आरसी बघितली: १५०, डीटीएस-आय, बीएस-३. कोणतं ऑइल घातलं म्हणून विचारलं तर एकदम खूश होऊन म्हणाला, "काका, भारीतलं घातलंय. मामाच्या कारचं उरलं होतं. फुल सिंथेटिक, पाच-तीस."

ऑइल खरोखरच भारी होतं. फक्त कारचं होतं.

कारमध्ये इंजिनाचं ऑइल इंजिनातच राहतं. गिअरबॉक्सचं वेगळं, आणि क्लच कोरडा. बहुतेक बाइकमध्ये एकच ऑइल इंजिनातून फिरतं, गिअरमधून फिरतं आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. पेट्रोल वाचावं म्हणून कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. पिस्टनला ती चालतात, पण क्लच प्लेट चालते ती घर्षणावरच. ती गुळगुळीत झाली की रेस दिली तरी नुसती घसरते, घसरली की तापते, तापली की जळते. मालक म्हणतो क्लच गेला. मेकॅनिक नव्या प्लेटा टाकतो, वर तेच ऑइल ओततो, आणि थोड्याच दिवसांत स्वारी पुन्हा दारात.

म्हणून डब्यावर आधी जासो एमए किंवा एमए२ लिहिलंय का ते बघा. जपानच्या वाहन उद्योगाने १९९८ साली ओल्या क्लचसाठी केलेलं हे मानक आहे. एमए, एमए२ गिअरवाल्या बाइकसाठी. एमबी म्हणजे घर्षण कमी असलेलं, ते अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचं, कारण तिचा क्लच ऑइलात बुडालेला नसतो. एमबी बाइकमध्ये घालू नका. डब्याच्या मागे एपीआयचं (ऑइलला दर्जा देणाऱ्या अमेरिकी संस्थेचं) गोल चिन्ह असेल आणि त्याच्या खालच्या अर्ध्या कडेवर "रिसोर्स कन्झर्व्हिंग" छापलेलं असेल तर ते ऑइल कितीही महाग असो, क्लचवाल्या बाइकपासून लांब ठेवा. एसजे, एसएल, एसएन ही एपीआयची अक्षरं मॅन्युअलमध्ये सांगितलेली किंवा त्याहून पुढची चालतात, पण ती क्लचबद्दल काही सांगत नाहीत. ते सांगतं फक्त जासो.

आता आकडे. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. यावरून कट्ट्यावर फार वाद होतात. पहिला आकडा थंडीतला. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५वर. भांडुपला पारा पंधराच्या खाली गेला तर पेपरात फोटो येतो, तेव्हा या आकड्यावरून डोकं तापवायचं कारण नाही. दुसरा आकडा महत्त्वाचा, १०० अंश तापलेलं ऑइल किती जाड राहतं ते तो सांगतो. आणि तो मुंबईच्या उकाड्यावरून ठरत नाही. इंजिन बनवताना ऑइल पंप केवढा ठेवला, बेअरिंगमध्ये फट किती ठेवली, यावरून कंपनी तो ठरवते.

"मुंबईत गरम होतं, जाड टाक" हा सल्ला जवळजवळ प्रत्येक गॅरेजात मिळतो आणि मला तो पटत नाही. स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. तिच्यात २०डब्ल्यू-५० ओतलं की सकाळी इंजिन जड फिरतं, वर टॅपिटपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या पार्टपर्यंत) ऑइल पोहोचायला वेळ लागतो, अ‍ॅव्हरेज खाली येतं. आवाज मात्र दबतो, म्हणून मालकाला वाटतं काम झकास झालं. उलट बाजूही आहे. पल्सर १५० डीटीएस-आयच्या जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-५०, यूसीई बुलेटला १५डब्ल्यू-५०. यांच्यात १०डब्ल्यू-३० घातलं तर इंजिन खडखडतं आणि ऑइल कमी व्हायला लागतं. नव्या मॉडेलांत हे आकडे बदललेत, म्हणून वर्ष बघितल्याशिवाय डबा उघडू नका. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर मिळतं.

प्रमाण हा दुसरा घोळ. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे दिलेले असतात. एक ऑइल बदलताना लागणारा, दुसरा इंजिन पूर्ण खोलून जोडल्यावर लागणारा. दुसरा मोठा असतो, कारण नुसता ड्रेन नट काढला तर थोडं जुनं ऑइल आत राहतंच. घाईत मेकॅनिक मोठा आकडा धरतो किंवा अख्खा डबा उपडा करतो. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून एअर फिल्टरमध्ये जातं. फिल्टर तेलकट, हवा कमी, धूर, अ‍ॅव्हरेज गेलं. फिल्टर काढल्यावर खालची बाजू काळी आणि चिकट निघाली तर हेच समजा.

माप बघायचं ते असं. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर. साइड स्टँडवर घेतलेलं माप खोटं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा. हिरो-होंडाच्या बहुतेक गाड्यांत ऑइल मोजायची दांडी पुसून परत आत ठेवायची ती नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. आटे बसवून बघितलं तर ऑइल असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि कमी ऑइलावर गाडी महिनोन् महिने पळते. काच असलेल्या गाडीत दोन रेषांच्या मध्ये दिसलं की झालं.

रंगाची भीती घालून ऑइल बदलायला लावणारे भेटतील. काळं म्हणजे खराब असं काही नाही. काजळी धरून ठेवणं हेही ऑइलचंच काम आहे. पण दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी आहे. इथेही एक पोटनियम. पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढीच गाडी चालवणाऱ्याच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस जमतो, कारण इंजिन पुरतं तापतच नाही. एकदा पवईपर्यंत फिरवून आणा, जातो. दांडीवरच कॉफी आली तर मात्र गाडी सुरू करू नका. हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट, कुठल्या पाण्यात बुडाली ते तुम्हाला माहीतच असेल. किक न मारता टेम्पोत घाला, ऑइल काढा, नवं स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं घालून थोडा वेळ चालवा, तेही काढून टाका, मग खरं ऑइल घाला.

मुंबईत किलोमीटरवर बसून राहू नका, हेही जाता जाता. बाइकवाल्याला सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, फ्रीवे बंद, जेजेचा पूल बंद, अटल सेतू बंद. उरतो एलबीएस रोड आणि त्याचे सिग्नल. पंधरा किलोमीटरला तास लागतो, मीटर हलत नाही आणि हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या-उभ्या तापत राहतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे असतात. आधी जो पुरा होईल त्यावर ऑइल बदला. इथे बहुतेकांचे महिने आधी पुरे होतात, दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांचे किलोमीटर.

आरएक्स १०० किंवा जुनी चेतक ज्यांनी जपून ठेवलीय त्यांच्यासाठी दोनच ओळी. यातलं काहीच तुमच्या टू-स्ट्रोक इंजिनाला लागू नाही. तुमचं जळणारं ऑइल टू-टी, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि टू-टीच्या टाकीत फोर-टी कधीच ओतायचं नाही.

काळ्या पल्सरचं काय झालं? आधी केबल तपासली, लिव्हरच्या टोकाला बोटभर ढिलाई होती, म्हणजे दोष तिथे नव्हता. (ढिलाईच नसेल तर क्लच पुरता बसत नाही आणि ऑइल कितीही चांगलं असलं तरी घसरतो. हे नेहमी आधी बघा, फुकट काम आहे.) मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, चाळीसच्या आत, एकदम रेस दिली. इंजिनाचा आवाज चढला, स्पीड तिथेच. ऑइल काढलं, फिल्टर बदलला, २०डब्ल्यू-५० एमए घातलं. घसरणं कमी झालं, गेलं नाही, कारण जुनं ऑइल प्लेटांत मुरलेलं असतं. दोनेकशे किलोमीटर चालवून पुन्हा बदललं तेव्हा क्लच धरायला लागला. प्लेटा जळालेल्या नव्हत्या म्हणून निभावलं. काढलेल्या ऑइलाला करपट वास असेल आणि त्यात बारीक काळा भुगा असेल तर प्लेटा बदलाव्याच लागतात.

टाकी, ई२० आणि पाऊस

पेट्रोलबद्दल दोन गैरसमज जोडीने फिरतात. पहिला, महाग पेट्रोलने पिकअप वाढतो. ९१, ९५, १०० हे ऑक्टेनचे आकडे. पेट्रोल दाबाखाली वेळेआधी भडकू न देण्याची ताकद ते दाखवतात, जोर दाखवत नाहीत. रोजच्या शंभर-सव्वाशेच्या गाडीला ९१ पुरतं. तिच्यात १०० घालणं म्हणजे हौस. मॅन्युअलमध्ये ९५ सांगितलं असेल, किंवा चढावर भार असताना इंजिनातून कट-कट आवाज येत असेल, तर वरचं पेट्रोल घालून बघण्यात अर्थ आहे. तरीही आवाज राहिला तर कार्बन किंवा टायमिंग बघा.

दुसरा गैरसमज ई२०चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. अ‍ॅव्हरेज पडलं की हल्ली सगळं खापर इथेनॉलवर फुटतं. त्यात तथ्य आहे, पण किती ते बघा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. ई१०साठी ट्यून केलेल्या जुन्या दुचाकीचं अ‍ॅव्हरेज ई२०वर ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात दिलाय. म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्न देईल. पंचेचाळीसवर आली असेल तर दोष पेट्रोलचा नाही. ब्रेक घासतोय का, टायरमध्ये हवा आहे का, चेन सुकलीय का, फिल्टर तेलकट आहे का, तिथे शोधा. आणि अ‍ॅव्हरेज मोजा ते टाकी फुल ते टाकी फुल. रिझर्व्हला लागल्यापासून मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांचे रबर, पाइप, सील ई२०ला टिकतील असे दिलेले असतात. इथे आरसीवरची बनवल्याची तारीख कामाला येते. त्याआधीची, विशेषतः कार्बोरेटरवाली असेल तर पेट्रोलचा पाइप, कॉकचं वॉशर, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक दर सर्व्हिसिंगला बोटाने चाचपायला सांगा. फुगलं, मऊ पडलं, चिरलं की बदला. पार्ट किरकोळ आहेत, पण पाइपातून गळणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं.

पावसातल्या मिसिंगचं मूळ मात्र बहुतेक वेळा टाकीच्या तोंडाशी सापडतं. झाकण उघडा. तोंडाभोवती खोलगट कडा असते आणि तिच्यात एक बारीक भोक. झाकणावर पडलेलं पावसाचं पाणी त्या भोकातून पाइपाने खाली रस्त्यावर पडावं अशी सोय आहे. ते भोक मातीने बुजलं की पाणी तिथेच साचतं आणि झाकणाचं रबर जुनं असेल तर थेंब-थेंब टाकीत उतरतं. रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीत सकाळपर्यंत इंजिन बंद पाडण्याइतकं पाणी जातं. पातळ वायर घाला किंवा हवा मारा, मग झाकण लावून वर चमचाभर पाणी टाका आणि इंजिनाखाली पाइपाच्या टोकाला थेंब येतात का ते बघा. एवढ्या एका भोकासाठी लोकांनी कार्बोरेटर बदललेले बघितलेत.

पाणी आहे का ते बघायला कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना. चाळीच्या गॅलरीत, शेजारी शेगडी पेटलेली असताना नको. बाटली अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे.

पण बाटली बघून लगेच पंपावर भांडायला जाऊ नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळून जातं आणि इंजिनातून निघून जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. म्हणून शंभर मिली ई२०मध्ये दहा मिली पाणी घालून हलवलं तर खालचा थर दहाचा न राहता दुपटीहून मोठा होतो. "अर्धी बाटली पाणी निघालं" असे व्हिडिओ फिरतात त्यातलं बरंचसं इथेनॉल असतं. पाणी आत आलं हे खरंच, पण ते पंपाचं की तुमच्या झाकणाचं हे बाटली सांगत नाही. एकाच दिवशी एकाच पंपावर भरलेल्या बऱ्याच गाड्या बंद पडल्या तर पंप, तुमची एकटीचीच दर पावसात बंद पडते तर झाकण. पंपाचा संशय असेल तर तिथे फिल्टर पेपर आणि डेन्सिटी तपासून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तळाला बसलेला थर झाला की वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून सुकवावी लागते. कार्बोरेटरवाल्या गाडीचं हे घरी जमतं. इंजेक्शनवाल्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि लाइनमध्ये दाब असतो, तिथे पाना लावू नका, मेकॅनिककडे द्या. गावाला जाताना गणपतीपर्यंत गाडी उभीच राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, टाकी भरलेली ठेवा आणि गाडी छपराखाली लावा.

एवढं करूनही तक्रार राहिली तर

ऑइल बरोबर, माप बरोबर, टाकी कोरडी, तरी गाडी तापते किंवा ओढत नाही, तर आता पार्टकडे वळा: प्लग, टॅपिटची फट, फिल्टर, क्लच प्लेट, या क्रमाने. दोन बदलांच्या मध्ये ऑइल भराभर कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. जाड ऑइल घालून धूर तात्पुरता दबतो, खर्च पुढे ढकलला जातो एवढंच.

पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि बिलावर नुसतं "ऑइल" न लिहिता ग्रेड आणि मिली लिहून घ्या. तेच एका चिठ्ठीवर उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवा: मॉडेल आणि बनवल्याचं वर्ष, बीएस कितवं, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, ऑइलची ग्रेड आणि जासो, बदलताना लागणारे मिली, शेवटचं कधी आणि किती किलोमीटरला बदललं. काउंटरवर आलात की चिठ्ठी पुढे करा, गाडीचा रंग मी विचारणार नाही.